घरगुती भित्तिचित्रण

घरगुती भित्तिचित्रण म्हणजे राहत्या घराच्या, परसाच्या किंवा आवाराच्या भिंतीवर सणासाठी, विधीसाठी वा केवळ शोभेसाठी चित्रे काढण्याची कला होय. लेणी, मंदिरे आणि राजवाडे यांतील भित्तिचित्रांहून ही परंपरा निराळी आहे. तिला राजाश्रय नसतो, चित्र काढणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते, आणि जुन्या काळी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. दरवर्षी भिंत सारवली की चित्र जाई आणि पुन्हा काढले जाई.

सिमेंटची भिंत आणि डब्यातला तयार रंग आल्यावर ही अपेक्षा बदलली. एकदा काढलेले चित्र पुष्कळ वर्षे राहावे, अशी इच्छा आता स्वाभाविक मानली जाते. परंतु उघड्यावरील भिंत ही कागदासारखी निर्जीव पृष्ठभूमी नाही. ती पाणी ओढते, वाळते, फुगते, तडकते. म्हणून परसातील चित्राचे आयुष्य चित्रकाराच्या हातापेक्षा भिंतीच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात माती, पाणी व पाऊस यांचे प्रकार तालुक्यागणिक पालटत असल्यामुळे तेथे ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

संज्ञा व व्याप्ती

‘भित्तिचित्र’ हा संस्कृत समास ग्रंथव्यवहारात रूढ आहे. बोलीत मात्र ‘भिंत रंगवणे’, ‘भिंतीवर चित्रं काढणे’ असेच म्हटले जाते. परस किंवा परसदार म्हणजे घरामागील मोकळी जागा. तेथे न्हाणी, तुळस, केळी, अळूचा वाफा, सरपणाची रास, क्वचित गोठा असे. ही जागा प्राधान्याने स्त्रियांच्या वावराची होती. घरगुती चित्रणाच्या इतिहासात नावे जवळजवळ सापडत नाहीत, याचे एक कारण येथेच आहे : चित्रे काढणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या आणि त्यांच्या कामाला कोणी ‘चित्रकला’ म्हणत नव्हते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील भित्तिचित्रांचा सर्वांत प्रसिद्ध ठेवा अजिंठ्याचा. तेथील चित्रे इसवी सनपूर्व दुसरे-पहिले शतक आणि इसवी सनाचे पाचवे शतक अशा दोन कालखंडांतील आहेत. घरगुती चित्रणाशी अजिंठ्याचा संबंध विषयाने नव्हे, तर पद्धतीने जुळतो. खडबडीत कातळावर माती, वनस्पतींचे तंतू, भुसा यांचा गिलावा चढवून त्यावर पांढरा पातळ थर दिला जाई आणि तो वाळल्यावर डिंक वा सरस मिसळलेल्या रंगांनी चित्रण होई. ओल्या चुन्यावर रंग भरण्याची युरोपीय पद्धत ती नव्हे. भुसा घातलेल्या मातीचा गिलावा, वर पांढरा हात आणि त्यावर मातीचे रंग ही योजना विसाव्या शतकापर्यंत खेड्यातील मातीच्या घरांतही ओळखता येण्याजोगी होती.

पेशवाईत वाड्यांच्या भिंती रंगवण्याची मोठी प्रथा पडली. पुण्याच्या शनिवारवाड्यात भोजराज नावाच्या जयपुरी चित्रकाराने काम केल्याचे सांगितले जाते. वाड्याचा मुख्य भाग १८२८ सालच्या आगीत नष्ट झाला, तरी दिल्ली दरवाज्यातील भिंतींवर पौराणिक चित्रांचे पुसट अवशेष आजही आहेत. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यात आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात भित्तिचित्रे पाहावयास मिळतात. चांदवडचा वाडा अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळालेले नाव त्यांचेच.

अनेक वाड्यांतील चित्रे परचक्राने नव्हे, तर चुन्याच्या हातांनी नाहीशी झाली, हे नोंदवले पाहिजे. चित्रे पुसट झाली की त्यांवर सफेदी चढवणे हा घर स्वच्छ ठेवण्याचाच भाग मानला जाई. आज ज्याला नुकसान म्हणतात, ते त्या काळी टापटिपीचे लक्षण होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत त्या शाळेत भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग चालला आणि तेथील विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती रंगवल्या. ही धारा सार्वजनिक इमारतींकडे गेली, परसात उतरली नाही.

सणावारांची भिंत

घरातील भिंतीवरील चित्रे पंचांगाशी बांधलेली होती. नागपंचमीला भिंतीवर वा पाटावर गंधाने किंवा हळदीने नाग, नागीण व त्यांची पिल्ले काढतात. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लावून पूजा होते. हस्त नक्षत्रात हादग्यासाठी हत्ती काढला जातो. दारालगत स्वस्तिक, लक्ष्मीची पावले, हळदीकुंकवाने उमटवलेले हाताचे ठसे ही चिन्हे तर वर्षभर दिसत. यातील जिवती आता सर्वत्र छापील कागदावर मिळते, त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका व बुध-बृहस्पती यांची ठरलेली चित्रे असतात. हादग्याच्या हत्तीचेही तसेच झाले. कागद स्वस्त व सुबक आहे, परंतु तो आल्याने हातातील रेषेचा सराव गेला, कारण वर्षातून चार वेळा काढल्या जाणाऱ्या साध्या चित्रांतूनच तो टिकत असे.

घटस्थापनेपूर्वी घर सारवण्याचा व भिंतींना पोतेरा देण्याचा प्रघात होता. पोतेरा म्हणजे पांढरी माती वा चुना पाण्यात कालवून फडक्याने दिलेला हात. भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा काळसर मातीचा पट्टा ओढीत. हा पट्टा केवळ शोभेचा नव्हता. अंगणात पडणाऱ्या पावसाचे शिंतोडे आणि झाडताना उडणारी माती यांनी भिंतीचा खालचा हात-दीड हात नेहमी मळतो, तो भाग आधीच गडद ठेवला की मळ दिसत नाही. चित्र या पट्ट्याच्या वरच सुरू होई. आज परसाची भिंत रंगवताना हा पट्टा गाळला जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात चित्रातील माणसांचे पाय चिखलाने भरतात.

वारली लग्नचौक

महाराष्ट्रात घराच्या भिंतीवरील चित्रांची सर्वांत सलग राहिलेली परंपरा पालघर जिल्हा व त्याच्या आसपासच्या वारली समाजाची आहे. कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा गिलावा देऊन गेरूचा हात मारतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या कालवणाने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांतून माणसे, जनावरे, झाडे, डोंगर उभे राहतात. मुख्य चित्र लग्नप्रसंगी सवासिणींनी काढावयाचा लग्नचौक होय. त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते. तो घराच्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर काढला जातो.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागात चित्रकारांना कागद व रंग दिले. जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांनी विधीपासून वेगळी, रोजच्या जीवनाची चित्रे कागदावर व कापडावर काढली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी लाभली. त्यामुळे कलाकारांना उत्पन्न मिळाले, परंतु स्त्रियांच्या विधीतून निघालेली ही कला बाजारात आली तेव्हा पुढे आलेली नावे प्रामुख्याने पुरुषांची होती, हेही खरे.

आज राज्यभरातील आवारभिंतींवर सर्वाधिक दिसणारा नमुना वारलीचाच आहे. तारप्याभोवती फेर धरलेली माणसे शहरी घराच्या गच्चीपासून पोलीस चौकीपर्यंत आढळतात. आकृत्या सोप्या वाटत असल्या तरी जुळवणी सोपी नाही. चांगल्या वारली चित्रात रिकामी जागा राहात नाही, तरीही दाटी होत नाही. शोभेसाठी नक्कल करताना शेती, नाच, झाडे, पक्षी घ्यावेत. लग्नचौक व त्यातील देवी हा पूजेचा भाग असल्याने तो न्हाणीशेजारच्या भिंतीवर काढणे औचित्याला धरून नाही.

लग्नाची भिंत आणि पेंटर

देशावरील खेड्यांत लग्नघराची दर्शनी भिंत रंगवण्याची रीत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जोमात होती. वर गणपती, दाराच्या दोन्ही बाजूंस भालदार-चोपदार, केळीचे खांब, कलश, हत्ती, आणि मधोमध वधूवरांची नावे व ‘शुभविवाह’ ही अक्षरे असा तिचा आराखडा ठरलेला असे. हे काम तालुक्याच्या गावचा पेंटर करी. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, बैलगाडीच्या साट्या, गणपतीच्या मंडपाची सजावट हे सर्व त्याच्याकडे असे. पेंटर हा शब्द मराठीत जवळजवळ उपनाव बनला, कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर हे त्याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण. याच पेंटरांनी बियाणे, खते, सिमेंट, तंबाखू यांच्या जाहिरातींनी रस्त्याकडेच्या भिंती भरल्या, आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही त्यांनीच गावोगाव नेला.

एकविसाव्या शतकात फ्लेक्सचे फलक आले आणि हा व्यवसाय थोड्या वर्षांत आक्रसला. लग्नाच्या भिंतीची जागा फलकाने घेतली. तो एका रात्रीत छापून येतो, लग्नानंतर गोठ्यावर किंवा कांद्याच्या चाळीवर आच्छादन म्हणून जातो. भिंतीवरील नावे मात्र पुढची सफेदी होईपर्यंत राहात, आणि लग्न होऊन गेलेल्या घराची वर्ष-दोन वर्षे तीच ओळख असे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील भिंती

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे (सुमारे १७,०४८ चौ. किमी.). पश्चिमेस अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या परिसरात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस कोसळतो. पूर्व-दक्षिणेचे पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. एकाच जिल्ह्यातील घरे म्हणूनच दोन तऱ्हेची होती : घाटमाथ्यावर उतरत्या छपराची, कारवीच्या कुडाची आणि शेणामातीने लिंपलेली, तर सपाटीवर जाड मातीच्या किंवा दगडी भिंतींची, सपाट माळवदाची. उतरत्या छपराचे पाखे पुढे आलेले असत आणि भिंत कोरडी राही. माळवदाच्या घरात भिंतीचा माथा उघडा असतो, पण पाऊसच कमी. आधुनिक आवारभिंतीला ना पाखे असतात, ना जाडी, म्हणून दोन्हीकडची जुनी सुरक्षितता तिला लाभत नाही.

उत्तरेकडील राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी हा कालव्याखालील उसाचा पट्टा आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागाचे रूप पालटले. अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे तेथील काही जमिनी क्षारपड झाल्या. शेतीच्या या प्रश्नाचा भिंतीशी थेट संबंध आहे. जमिनीतील व पाण्यातील क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागाजवळ त्यांचे स्फटिक बनतात. बोलीत यालाच लोणा लागणे म्हणतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला व रंगाच्या पापुद्र्याला आतून ढकलतात, रंग फुगतो व पोपडे पडतात. गिलाव्याला खाऱ्या विहिरीचे पाणी मारले असेल तर लोणा जमिनीची वाट न पाहता भिंतीतूनच निघतो.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. उथळ पायाच्या आवारभिंती तिच्याबरोबर हलतात, आणि चित्रातून तिरपी चीर जाते. अशी चीर दरवर्षी पुन्हा उघडत असेल तर ती बुजवून उपयोग होत नाही. तिच्यावर वेल, फांदी किंवा नदी अशी वाकडी रेघ योजून चित्रातच सामावून घेण्याची युक्ती अनुभवी पेंटर करतात.

भिंतीवरील मोठ्या कामाचे एक वेगळे उदाहरण अहिल्यानगर शहरात आहे. तेथील महावीर कलादालनात चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी नामवंत भारतीयांचे शेकडो चेहरे असलेले भव्य पेन्सिलचित्र साकारले. पेन्सिलीसारखे नाजूक माध्यम मोठ्या भिंतीवर वापरता आले, कारण ती भिंत छपराखालची आहे. निजामशाहीच्या काळात हे शहर चित्रकलेचे केंद्र होते. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याची सोळाव्या शतकातील सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तो वारसा पोथीचित्रांचा, परंतु स्थानिक चित्रकलेचा उल्लेख करताना तो विसरला जातो.

भिंतीची तयारी

चित्र बिघडण्याची बहुतेक कारणे रंग लावण्यापूर्वीच भिंतीत हजर असतात. सर्वप्रथम पाणी कोठून येते ते पाहावे लागते. आवारभिंतीत ते तीन वाटांनी शिरते : माथ्यावरून, पायातून आणि पलीकडच्या बाजूने. माथ्यावर उताराची सिमेंटची टोपी (गवंड्यांच्या भाषेत कोपिंग) हवी आणि ती भिंतीच्या बाहेर थोडी आलेली हवी. तिच्या खालच्या कडेला एक खाच ठेवली की पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकते. पायथ्याशी मातीचा ढीग, विटांची रास, फुलझाडांचा वाफा असू नये. परसात न्हाणीचे पाणी अळूला किंवा केळीला सोडण्याची पद्धत चांगली आहे, पण तो वाफा भिंतीपासून दोन-तीन फूट दूर हवा. भिंतीपलीकडे शेजाऱ्याची मोरी असेल, तर अलीकडे कितीही उत्तम रंग लावला तरी पोपडे पडणारच.

नवा सिमेंटचा गिलावा किमान आठवडाभर पाण्याने भिजवून नंतर सुमारे महिनाभर वाळू द्यावा. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यावर तेलरंग दिल्यास तेलाचे साबणात रूपांतर होऊन थर चिकट व ठिसूळ होतो. पाणीविद्राव्य ॲक्रिलिक रंग हा अल्कधर्म अधिक सोसतात, तरी भिंत ओली असताना तेही टिकत नाहीत. ओल ओळखण्याची घरगुती रीत अशी : प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवून एक दिवस ठेवावा. काढल्यावर आतल्या बाजूस घाम दिसला तर भिंत अजून तयार नाही.

जुना रंग असल्यास सुटलेला भाग पत्र्याने खरवडावा लागतो. लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा, पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी २०१६च्या नियमांनी ठरवली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवणे लहान मुलांच्या घरात धोक्याचे आहे. तो ओला करून, नाकाला फडके बांधून खरवडावा आणि पडलेला चुरा गोळा करून टाकावा, परसात माती म्हणून पसरू नये. खोलगट जागा भरण्यासाठी घराच्या आतील भिंतीची पुट्टी वापरण्याची चूक सर्रास होते. ती पावसात विरघळते. बाहेरच्या कामाला सिमेंटाधारित पुट्टीच हवी.

मातीच्या भिंतीवर यांतील काहीही लागू नाही. तिच्यावर सिमेंट किंवा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग चढवला की आतली ओल अडते आणि गिलावा थरासकट गळून पडतो. जुन्या घराचे ‘नूतनीकरण’ करताना मातीच्या भिंती अशा प्रकारे अवघ्या दोन-तीन पावसाळ्यांत ढासळलेल्या आढळतात. मातीला माती, भुसा व शेण यांचा गिलावा आणि वर चुना हाच उपाय आहे. तो दर वर्षी द्यावा लागतो, हे त्याचे वैगुण्य आणि तीच त्याची सोय.

रंग

पारंपरिक रंग थोडेच : गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, काजळीचा काळा, चुन्याचा वा खडूचा पांढरा आणि नीळ. चुन्यात मिसळण्यास हे सर्व योग्य आहेत, कारण चुन्याच्या तीव्रतेने ते बिघडत नाहीत. कपड्यांना देण्याची नीळ चुन्यात घालून फिकट निळ्या भिंती रंगवण्याची खेड्यातील पद्धत रसायनाच्या दृष्टीनेही बरोबर होती. फुलापानांपासून काढलेले रंग मात्र चुन्यात व उन्हात लवकर उडतात. हळद तर चुन्यात लालच होते, कुंकू बनवण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे.

चुना कळीचाच घ्यावा. कळीवर पाणी पडले की तो उकळतो व उडतो, त्यामुळे ते काम पसरट लोखंडी भांड्यात, डोळ्यांना चष्मा लावून, मुलांना दूर ठेवून करावे. विरलेला चुना काही दिवस पाण्याखाली मुरू दिला व फडक्याने गाळला की निवळी मऊ होते. तीत थोडा डिंक घातल्यास रंग हाताला लागत नाही. चुन्याचा हात दुधाइतका पातळ असावा आणि असे दोन-तीन हात द्यावेत, एकच दाट हात दिल्यास तो तडकतो. चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा दगड बनतो. म्हणून तो सावकाश वाळला पाहिजे, आणि भिंत आधी पाण्याने शिंपडलेली हवी.

सिमेंटच्या भिंतीवर बाहेरच्या वापराचे ॲक्रिलिक इमल्शन हेच आज सर्वाधिक वापरले जाते. आधी अस्तर (प्रायमर), मग जमिनीचा रंग, नंतर चित्र असा क्रम असतो. पाच फूट उंच व वीस फूट लांब अशा शंभर चौरस फूट भिंतीला जमिनीच्या रंगाच्या दोन हातांसाठी साधारण दोन लिटर रंग लागतो. चित्रासाठी मोजके पाच-सहा रंग पुरेत, बाकीच्या छटा पांढऱ्यात रंगद्रव्य (स्टेनर) मिसळून करता येतात. लाल व पिवळ्या रंगांच्या भडक छटा उन्हात आधी विटतात. गेरू, पिवडी, काळा हे मातीचे व खनिज रंग बरेच टिकतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दुपारचे ऊन थेट पडते, तेथे भडक रंगांऐवजी मातकट रंग योजणे शहाणपणाचे ठरते.

कामाचा काळ कार्तिक ते माघ. पावसाळ्यातली भिंत ओली असते, आणि वैशाखात ती इतकी तापते की कुंचला उचलेपर्यंत रंग वाळून रेषा तुटते.

आराखडा व रेखांकन

कागदावरील चित्र भिंतीवर मोठे करण्याची सर्वांत विश्वसनीय रीत चौकटींची आहे. वीस फुटी भिंतीसाठी वीस इंच लांब व पाच इंच उंच कागद घेऊन इंचाइंचावर चौकटी आखाव्यात आणि भिंतीवर फुटाफुटावर. प्रत्येक चौकटीत काय आले आहे एवढेच पाहून रेषा उतरवावी. सरळ रेघांसाठी निळीत बुडवलेली सुताची दोरी दोन टोकांना ताणून मधोमध उचलून सोडतात. एकच नक्षी पुनःपुन्हा हवी असेल तर कागदावर तिच्या रेषेवर सुईने छिद्रे पाडून, कागद भिंतीला धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. कोळसा अंगावर व रंगात मिसळतो, म्हणून ठिपके जोडून झाल्यावर तो झटकून टाकावा.

परसाची भिंत दूरून, बसून, काम करताकरता पाहिली जाते. बारीक तपशील तेथे वाया जातो. भिंतीपुढे उभी असलेली खरी झाडे, तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड यांचाही चित्रात विचार व्हावा. केळीमागे केळ रंगवण्यात अर्थ नाही, उलट मोकळ्या, फिकट जमिनीवर खऱ्या झाडाची सावली पडली तर ती रोज नवे चित्र काढते.

भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल, तर मालकाची संमती आवश्यक असते. दुसऱ्याच्या मालमत्तेवर लिहिणे वा रंगवणे हा महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये गुन्हा आहे.

शाळांच्या बोलक्या भिंती

घरगुती नसली तरी जिल्ह्यात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली चित्रित भिंत प्राथमिक शाळेची असते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ ही कल्पना राज्यभर पसरली. पाढे, बाराखडी, ऋतुचक्र, जिल्ह्याचा नकाशा, सूर्यमाला भिंतींवर आली. अनेक ठिकाणी हे काम शिक्षकांनीच सुट्टीत केले, काही ठिकाणी फ्लेक्समुळे काम गमावलेल्या पेंटरांना ते मिळाले.

या भिंतींचा उपयोग त्या किती भरल्या आहेत यावर नव्हे, तर मूल त्यांना हात लावू शकते की नाही यावर ठरतो. छताजवळ काढलेला नकाशा मोठ्यांना दाखवण्यासाठी असतो. पहिलीच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर असते, अक्षरे तेथे हवीत. शुद्धलेखन पेंटरवर सोपवू नये. वहीतली चूक तांबड्या शाईने दुरुस्त होते, भिंतीवरील ‘आशिर्वाद’ मात्र दहा वर्षांतील दहा वर्ग गिरवतात. रंगवण्यापूर्वी खडूने लिहून, दोघांनी वाचून, मगच कुंचला लावण्याची पद्धत काही शाळांनी पाळली आहे.

निगा व जतन

रंगवलेली भिंत पावसाळ्यानंतर एकदा मऊ कुंच्याने झाडून, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. हिरवे शेवाळ धरले असेल तर पाणी कोठून झिरपते ते आधी शोधावे. फुगलेला भाग रंगाने झाकू नये, तो खरवडून, वाळवून पुन्हा अस्तरापासून सुरुवात करावी. पारदर्शक वॉर्निशचा हात देऊन चित्र ‘पक्के’ करण्याचा सल्ला दुकानांत मिळतो. कोरड्या, छपराखालच्या भिंतीवर तो चालतो, ओल येणाऱ्या आवारभिंतीवर त्याने पाणी आत कोंडते आणि पोपडे अधिक मोठे निघतात.

जुन्या घरात किंवा वाड्यात सफेदीचा थर सुटून खाली रंग दिसला, तर तो खरवडू नये. वरचा चुना कोरड्या स्थितीत जाणकाराकडून थराथराने काढता येतो आणि खालचे चित्र बरेचदा शाबूत निघते, कारण चुन्यानेच त्याला उजेड व धूर यांपासून झाकून ठेवलेले असते. घर पाडण्याआधी भिंतींची छायाचित्रे दिवसाच्या तिरप्या उजेडात काढून, शेजारी फूटपट्टी धरून, गावाचे नाव व तारीख लिहून ठेवल्यास पुढील अभ्यासकाला ती उपयोगी पडतात. कोणी काढले हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून त्यांचे नाव त्याच कागदावर नोंदवावे.